नव्या घराचं अंगण : लॉन किती, झाडं किती?



सोलापुरात जरा गावाबाहेर आम्ही नवीन घर बांधलं. घरासमोर हजार चौरस फूट मोकळी जागा राहिली आहे आणि सध्या रोज जेवताना तिचाच विषय निघतो. मुलाला सगळीकडे लॉन हवं. "आई, बंगला म्हटला की लॉन आलंच." सूनबाईला नातवासाठी मऊ जागा हवी. ह्यांचं म्हणणं, सरळ फरशी टाका आणि मोकळे व्हा. नणंदबाई तर म्हणतात, "वहिनी, झाडं लावणं-तोडणं ही पण हिंसाच. कशाला तो व्याप?"

माझं मत असं : लॉन चटईएवढं असावं, बाकी जागा स्वयंपाकाच्या आणि औषधी झाडांना द्यावी. कारणं सांगते.

आधी पाण्याचा हिशेब. बी.कॉम. झालेली आहे, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी दिलं की एक लिटर होतं. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी धरावं लागतं. म्हणजे रोजचे ४६५ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्या मापाने हे जवळजवळ साडेतीन माणसांचं पाणी झालं. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर ५५,८०० लिटर. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर! नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे मला पटत नाही. त्याच जागेत २५ झाडं लावली आणि प्रत्येकाला रोज दोन लिटर घातलं, तरी ५० लिटरमध्ये भागतं. त्यातलं बरंचसं डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी असतं.

आता नणंदबाईंचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती, या सगळ्यांत आपण एकेंद्रिय जीव मानतो. पण श्रावकाला घर चालवायचं असतं. म्हणून संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद सांगितले. संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. स्वयंपाकपाण्यात होणारी आरंभी हिंसा सुटत नाही, ती जपून, कमीत कमी करायची. आणि जिचं काही कारणच नाही ती अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात उगाच जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे अनर्थदंडातच धरलं आहे. वरणाच्या फोडणीला चार कढीपत्त्याची पानं खुडणं आणि नुसतं छान दिसावं म्हणून दर आठवड्याला अख्खं गवत यंत्राने कापणं, या दोन्ही गोष्टी एका पारड्यात कशा घालायच्या? पावसाळ्यात गवतात नाकतोडे, गोगलगाई, बेडकांची पिल्लं असतात. यंत्राला ती दिसत नाहीत. शिवाय हुमणी लागली की माळी औषध मारायला सांगतो, ते वेगळंच.

आणखी एक. आहाराच्या वेळी दारात पडगाहनाला उभं राहायचं, तर मुनिमहाराज हिरव्या गवतावर पाय ठेवत नाहीत. फाटकापासून दारापर्यंत शहाबादी फरशीची वाट हवीच. म्हणजे ह्यांची फरशीही आली.

मी काढलेला आराखडा असा आहे. वाटेच्या कडेने गवती चहा. त्याची मुळं माती धरून ठेवतात. कुंपणाला अडुळसा, कारण जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. उन्हाच्या कोपऱ्यात कढीपत्ता आणि कोरफड. पानओवा नुसत्या फांदीवर येतो. पुदिना पसरट कुंडीत आणि अर्ध्या सावलीत, नाहीतर तो सगळं अंगण बळकावतो. नळाजवळच्या ओलीत ब्राह्मी. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर काढल्या तर रोप जास्त टिकतं. आलं-हळद लावणार नाही, कंदमुळं आपल्याकडे चालत नाहीत. अष्टमी-चतुर्दशीला काही खुडायचं नाही, आणि अंधार पडल्यावर बागेत काम नाही. घरच्या झाडांचा काढा म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही सांगून ठेवते. खोकला लांबला की वैद्यांकडे किंवा डॉक्टरांकडे जायचंच.

नातवासाठी दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा ठेवला आहे. त्यात विकतचं नाजूक गवत नको, आपली हरळी लावायची. ती उन्हाळ्यात वाळते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. शेतकरी तिला कंटाळतो, पण अंगणाला तीच बरी. वाळली तर वाळू दे. बारा महिने हिरवंच दिसलं पाहिजे हा हट्ट आपल्या हवेत बसत नाही. गवत कधी सुकतं आणि कधी हिरवं होतं हे पोराला कळलं, तर तेही शिक्षणच.

मुलाने हिशेबाचा कागद दोनदा वाचला. म्हणाला, "आई, एक वर्ष तुझ्या पद्धतीने करून बघू." मला तेवढं पुरे. पाण्याची वही मीच ठेवणार आहे. पुढच्या मे महिन्यात ती उघडून पुन्हा बसू.

तुमच्या नव्या घरातही हा वाद निघाला असेल, तर नर्सरीत जायच्या आधी जागा मोजा आणि पाण्याचा हिशेब करा. बरीचशी भांडणं तिथेच मिटतात.