स्विच बदलण्याआधी वायर बघा

बोईसर, चिंचणी, पालघरच्या जुन्या आळ्यांत अजूनही ताडपत्रीखाली एखादी फियाट नाहीतर अँबॅसडर सापडते. तारापूरला 1969 साली अणुवीज केंद्र सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी वाढली आणि कित्येक घरांत पहिली गाडी आली ती तेव्हाच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून निघालेली फियाट पुढे पद्मिनी झाली. तिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर 2023 मध्ये गेली, घरातली मात्र राहिली. अशी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

चावी फिरवली की मीटरचा लाल दिवा लागतो, सेल्फ मात्र फिरत नाही. किंवा चालत्या गाडीत खड्डा आला की इंजिन क्षणभर बंद पडतं. आपण गॅरेजला जातो, मेकॅनिक इग्निशन स्विच बदलून देतो आणि पावसाळा संपेपर्यंत दुखणं परत येतं. मग कुणीतरी डॅशबोर्डखालून दोन वायरी ओढतो, एक टॉगल, एक बटण लावतो. गाडी सुरू होते. हा जुगाड मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण त्या वायरीला बहुतेकदा फ्यूजच नसतो. ती पत्र्याला घासली की बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून जातो आणि प्लास्टिक पेटतं.

स्विच बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. या गाड्यांत आजच्यासारखे रिले नाहीत. कॉईल, वायपर आणि काही मॉडेलांत हेडलाईटसुद्धा, सगळा भार चावीच्या स्विचमधून जातो. त्यात आपण हौसेने 100 वॅटचे बल्ब लावतो. 12 व्होल्टवर असे दोन बल्ब सोळा अँपिअरच्या वर ओढतात, मूळच्या बारीक वायरीला ते झेपत नाही. वायरीच्या टोकाचं थिंबल तापतं, सैल पडतं, सैल पडलं की आणखी तापतं. आपल्याकडे सातपाटी-केळव्याची खारी हवा, एमआयडीसीचा धूर आणि भातशेतीतले उंदीर यांची त्यात भर. पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला की कारण कळलंच.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी मल्टिमीटर लावायला सांगा. चावी चालू, हेडलाईट चालू ठेवून बॅटरीचा प्लस आणि स्विचमधून बाहेर जाणारी वायर यांच्यातला फरक मोजायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर तो टप्प्याटप्प्याने शोधायचा: बॅटरीपासून स्विचपर्यंत किती, स्विचच्या आत किती. पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद असताना चावी मात्र फार वेळ चालू ठेवू नका, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट मिटलेले असले तर कॉईल जळते.

वायरिंग बदलायचंच ठरलं तर बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आधी काढा. बहुतेक गाड्यांत ते मायनस असतं, काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा, मोबाइलवर फोटो काढा. स्विचवर आकडे असले तर 30 म्हणजे बॅटरी, 15 म्हणजे कॉईल, 50 म्हणजे सेल्फ. रंगांवर विसंबू नका, चाळीस वर्षांत कुणी हाताला लागेल ती वायर जोडलेली असते. घरातली एकतारी वायर चालणार नाही. बहुतारी तांब्याचीच घ्या, मुख्य फीडला 4 चौरस मिलिमीटर आणि कॉईलला 2.5 पुरे. पिळून टेप मारलेला जोड नको, आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो. थिंबल दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. हेडलाईट आणि सेल्फच्या सोलेनॉईडला रिले लावले की स्विचवरचा भार एकदम उतरतो. काम झाल्यावर बॅटरी थेट जोडू नका, आधी काढलेलं टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये 12 व्होल्टचा बल्ब लावून बघा. सगळं बंद असताना तो लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

इग्निशनचा जुना लॉक फेकू नका, पद्मिनीच्या चाव्या आता सहज मिळत नाहीत. पन्नास वर्षांवरची गाडी 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनच्या मोठ्या फेरफाराला मनाई आहे, ठीकठाक केलेल्या वायरिंगला नाही.

दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघा. बॅटरीपासून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या वायरीवर फ्यूज दिसला नाही, तर तो बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.