आरोग्यखात्याची उधारी, पोलिसांच्या माथी

एका विद्यार्थ्याच्या हरवलेल्या कागदपत्रांची तक्रार नोंदविण्यासाठी काही महिन्यांपूर्वी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाण्याचा प्रसंग आला. तेथे बाकावर पस्तिशीची एक स्त्री बसली होती. पावसाने भिजलेली, स्वतःशीच पुटपुटणारी, नाव-गाव विचारले तर मान फिरविणारी. एस. टी. स्थानकावर तिच्याभोवती गर्दी जमली म्हणून तिला ठाण्यात आणले होते. शेजारी एक महिला शिपाई बसून होती. तिची ड्यूटी खरे तर सकाळीच संपली होती. ठाणे अंमलदार मला म्हणाले, "सर, हिला कोठडीत ठेवता येत नाही, कायदाच तसा आहे. ग्रामीण रुग्णालयात नेलं, तर तिथं मानसोपचाराचा डॉक्टर नाही. रस्त्यावर सोडली आणि रात्री काही झालं, तर चौकशी आमचीच. आता तुम्हीच सांगा, आम्ही करायचं काय?"

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. परंतु हा प्रश्न बऱ्याच अंशी अर्थशास्त्राचाच आहे, हे घरी परतताना जाणवत राहिले. अंदाजपत्रकात एखाद्या सेवेवर खर्च केला नाही म्हणजे तो वाचला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो वाचत नाही. तो दुसऱ्या खात्याच्या माथी बसतो, आणि तेथे त्याची वेगळी नोंद होत नसल्याने कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही. मानसिक आरोग्याच्या बाबतीत आपल्याकडे नेमके हेच घडत आले आहे.

कायद्याची अपेक्षा

१९१२ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार निराधार भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे असे. १९८७ च्या कायद्याने भाषा सौम्य केली, तरी वाट दंडाधिकाऱ्याकडूनच जात होती. संसदेने २०१७ मध्ये संमत केलेल्या आणि २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने ही वाट बदलली. त्याच्या शंभराव्या कलमानुसार स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेली अशी व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी तिला संरक्षणाखाली घ्यावयाचे, तिला त्याचे कारण समजावून सांगावयाचे, आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावयाचे. कोणत्याही परिस्थितीत तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येणार नाही. ती बेघर असेल, तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या नातेवाइकांचा शोध घेण्याची जबाबदारीही पोलिसांचीच.

या तरतुदींमागील दृष्टी निःसंशय मानवतेची आहे. मनोरुग्ण हा गुन्हेगार नव्हे, त्याची जागा रुग्णालयात आहे, हे कायद्याने मान्य केले. परंतु पोलिसाने रुग्णाला दारापर्यंत आणले, तरी दाराच्या आत कोण आहे, हा प्रश्न उरतोच. कोठडीचे दार कायद्याने बंद केले. रुग्णालयाचे दार मात्र त्याच वेगाने उघडले नाही. या दोन दारांमधील जागेतच त्या ठाण्यातील बाक होते.

रुग्णालयांची स्थिती

महाराष्ट्रात शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही मिळून मंजूर खाटा ५,६९५, आणि राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ११ कोटींच्या पुढे गेलेली. या चारांत मराठवाड्यातील एकही नाही. जालना येथे असे रुग्णालय उभारण्याचा निर्णय शासनाने फार उशिरा घेतला. विदर्भासाठी नागपूर आहे हे खरे. पण गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथून एका रुग्णाला पोचवावयाचे, तर गाडी, चालक, दोन शिपाई, आणि रुग्ण स्त्री असल्यास महिला शिपाई, एवढे मनुष्यबळ जाऊन-येऊन दोन दिवस तरी अडकते. तेवढा काळ त्या ठाण्याच्या हद्दीतील गस्त, तपास, समन्स बजावणे ही कामे उरलेल्यांनी ओढावयाची. हा खर्च आरोग्यखात्याच्या कोणत्याही हिशेबवहीत सापडणार नाही.

देशाचे चित्र वेगळे नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले होते. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात लाख लोकसंख्येमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ असल्याची नोंद केली. अपेक्षा तिघांची आहे. त्याच २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखविलेली रक्कम आरोग्यखात्याच्या एकूण तरतुदीच्या सुमारे १ टक्का होती, आणि तीतीलही सिंहाचा वाटा एकट्या निम्हान्सकडे गेला. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत काय झिरपले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मृत्यूनंतरचा खर्च

आत्महत्यांच्या संदर्भात तर हा विपर्यास अधिकच ठळक होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या. देशात त्या वर्षी ही संख्या सर्वाधिक होती. म्हणजे दिवसाला सरासरी ६२. प्रत्येक आत्महत्येला केवळ मानसिक आजार कारण असतो असे नाही. कर्ज, कौटुंबिक कलह, व्यसन, शारीरिक व्याधी अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. तथापि त्यांपैकी प्रत्येक मृत्यूनंतर पोलिसांना अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, जबाब, शवविच्छेदनासाठी रवानगी हे सोपस्कार पार पाडावेच लागतात. माणूस जिवंत असताना ज्याच्यासाठी समुपदेशकाचा एक तास मिळू शकला नाही, त्याच्या मृत्यूनंतर शासन अनेक तास खर्ची घालते. झाडावरून प्रेत उतरविणाऱ्या शिपायाच्या मनावर काय परिणाम होतो, याचाही विचार क्वचितच होतो.

केवळ पोलिसांना दूर केले तर?

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर एक मार्ग काढण्यात आला. हंबरसाइडच्या पोलिसांनी २०२० पासून, आणि लंडनच्या पोलिसांनी २०२३ च्या नोव्हेंबरपासून, जिवास धोका वा गुन्हा नसेल तर आरोग्यविषयक कामांस आपण जाणार नाही, असे धोरण स्वीकारले. त्यातील तत्त्व योग्य आहे. आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलणे मात्र घातक ठरेल. पोलीस मागे सरले आणि पुढे येणारे कोणीच नसले, तर ती स्त्री बाकावरून थेट रस्त्यावर जाईल. आधी पर्यायी सेवा, नंतर पोलिसांची माघार, हाच क्रम राहिला पाहिजे.

पर्यायी सेवा उभारण्यास अफाट पैसा लागतो, हेही खरे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे, आणि जिल्हा पातळीवर दहा खाटांच्या विभागाची तरतूद त्यात आहेच. ती प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्षात आली पाहिजे. ग्रामीण रुग्णालयातील एका तरी वैद्यकीय अधिकाऱ्यास प्राथमिक तपासणीचे प्रशिक्षण, आवश्यक औषधांचा अखंड साठा, आणि तज्ज्ञाशी दूरध्वनीवरून सल्लामसलतीची सोय, एवढ्यानेही पोलिसांच्या बऱ्याच फेऱ्या वाचतील. बेघर रुग्ण बरा झाल्यावर जाणार कोठे, हा पुढचा प्रश्न. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरील असंख्य मनोरुग्णांना उपचारांनंतर दूरदूरच्या प्रांतांतील घरी पोचविले. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु स्वयंसेवी संस्थेचा गौरव करून शासनाला स्वतःची जबाबदारी टाळता येणार नाही.

याखेरीज एक सूचना अर्थशास्त्राच्या नात्याने करावीशी वाटते. मनोरुग्णांच्या कामी प्रत्येक ठाण्याचे किती तास, किती माणसे आणि किती इंधन खर्ची पडते, याची वेगळी नोंद ठेवावी आणि ती दरवर्षी विधिमंडळापुढे मांडावी. जो खर्च दिसत नाही, त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. तो एकदा आकड्यांत दिसला, की "पैसा नाही" हे उत्तर टिकणार नाही. कारण पैसा खर्च होतच आहे, मात्र चुकीच्या ठिकाणी.

त्याच अधिनियमाने तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्याचा प्रयत्न करण्यासाठी शासनाला दहा वर्षांची मुदत दिली होती. ती २०२८ मध्ये संपते. त्या संध्याकाळी मी ठाण्यातून निघालो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या गावी नेण्यासाठी गाडीची जुळवाजुळव चालली होती. महिला शिपायाने आपल्या डब्यातील पोळी त्या स्त्रीपुढे धरली होती, आणि ती मुकाट्याने खात होती. शासनाच्या त्या दिवसाच्या मानसिक आरोग्यसेवेत माणुसकीचा भाग तेवढाच होता. तोही आरोग्यखात्याचा नव्हता.