मास्तर, वह्या तपासा!

मुलांना निबंध लिहून आणायला सांगायचा, वह्या गोळा करायच्या आणि न वाचताच रद्दीत घालायच्या, असं एखाद्या मास्तराने केलं तर आपण शाळेवर मोर्चा नेऊ. पण हाच उद्योग करणारे काही मास्तर दर आठवड्याला टेबलाच्या टोकाशी बसून चिप्स खात असतात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही. म्हणून मी बोलतो.

हे मास्तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावावर तो प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एकेक पात्र; कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी बुटका लढवय्या. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, राक्षस सोडतो. बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधाराला म्हणतात डंजन मास्टर. आपण नुसतं मास्तर म्हणू.

माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याचा असा एक कंपू आहे. ताईकडे सहा महिने होतो, तेव्हा दर शनिवारी त्यांच्या तळघरात मीही कोपऱ्यात बसायचो. (बाहेर बर्फ. जाणार कुठे?) मास्तरांनी सगळ्यांकडून आधीच पात्राचं पूर्वचरित्र लिहून घेतलं होतं. एका मुलीचं पात्र नावाड्याची लेक. तिचा भाऊ एका रात्री मिठाच्या होडीवर गेला तो परत आलाच नाही. त्याला शोधायला ही घराबाहेर पडलेली. चांगली तीन पानं लिहिली होती पोरीने. पहिले दोन महिने ती प्रत्येक बंदरावर विचारायची, ‘इथे मिठाची होडी आली होती का?’ मास्तर म्हणायचे, ‘नाही. पुढे?’ तिसऱ्या महिन्यापासून तिने विचारणं सोडलं. यायची, फासा टाकायची आणि मोबाइल बघत बसायची.

भाच्याला म्हटलं, ‘अरे, तिच्या भावाचं काय झालं?’ तर म्हणतो, ‘मामा, कॅम्पेनची स्टोरी आधीच ठरलेली असते. भाऊ कुठे घुसवणार?’

कुठे म्हणजे? त्याच गोष्टीत मास्तरांना सगळ्यांना बेटावर पोचवायला एक तस्कर हवाच होता. तो त्यांनी कुठूनसा नवा आणला, त्याला नाव दिलं, मिशा दिल्या. तोच भाऊ केला असता तर काय मिशांचा खर्च वाढला असता? उलट, याला पकडून द्यायचं की सोडायचं, यावर पाचही जण रात्रभर भांडले असते! कर्णाला मिळालेला परशुरामाचा शाप ऐन युद्धात फळाला येतो. ‘स्टोरी ठरलेली आहे’ म्हणून व्यासांनी तो कप्प्यात टाकला असता, तर कर्ण म्हणजे रणांगणावरचा आणखी एक धनुर्धर, बस्स.

आता जुने खेळाडू म्हणतील, आमच्या वेळी हे चोचले नव्हते. खेळात घडेल तेच चरित्र. खरं आहे. १९७८च्या नियमपुस्तकात नवख्या जादूगाराच्या प्राणांसाठी चार बाजूंचा एकच फासा असे. एक पडला की मांजराने बोचकारून माणूस जायचा. त्याचं चरित्र कशाला लिहायचं, मृत्युलेखच तयार ठेवावा! १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात तर पात्राचं पूर्वायुष्य फाशांवर ठरवता ठरवता, खेळ सुरू व्हायच्या आधीच ते पात्र मरू शकायचं. पण त्या मंडळींनी कोणाकडून तीन पानं लिहून घेतली नव्हती. न मागणाऱ्याशी माझं भांडण नाही. मागून न वाचणाऱ्याशी आहे.

मास्तरांची दुसरी जात वाचते, आणि तेच वाईट. चरित्रात आईबाप दिसले की यांनी ते पळवलेच, नाहीतर मारलेच. मग शहाणा खेळाडू पहिल्याच ओळीत अनाथ होऊन मोकळा होतो. त्याला दोष कसा देणार?

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगतो. तीन पानं नकोत, अर्धं पुरे. दोन जिवंत नातेवाईक, फेडायचं राहिलेलं एखादं कर्ज आणि असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. सगळी उत्तरं तुम्हीच लिहून आणलीत तर मास्तरांनी करायचं काय?

आणि मास्तर, तुम्ही प्रत्येक वहीतून एकच नाव काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. पुढच्या वेळी गोष्टीत खानावळवाला, फौजदार, सावकार, जो कोणी लागेल, त्याच्या जागी त्यातला एक बसवा. आज याचा, उद्या तिचा. एकाच्याच मागे लागलात तर बाकीचे दुसऱ्याच्या लग्नात जेवायला आल्यासारखे बसतील. गोष्ट तुमची आहे, कबूल. पण भिशीचे पैसे सगळ्यांकडून घ्यायचे आणि नंबर दर वेळी स्वतःचाच लावायचा, याला आमच्याकडे खेळ म्हणत नाहीत.