‘चुकलं असेल तर’



माझी नात तुरीनला असते. वय वर्षे 7. शाळेत इटालियन, घरात मराठी, आणि माझ्याशी बोलताना दोन्हींची भेळ. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “आज्जी, मी शाळेत जाली आणि चित्र करलं.” मुलगा हसला, मीही हसले. ती रुसली आणि फोनपुढून उठून गेली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, पोरीचं काय चुकलं? बस-बसली, हस-हसली, मग जा-जाली का नाही? नियम तिने बरोबर लावला होता, नियम मोडला तो आपल्या भाषेने. जा-गेली, ये-आली, हो-झाली, कर-केलं, मर-मेला. हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही, म्हणून त्यातलं आडवळण कधी दिसलं नाही. ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूतून आणि ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’मधून. दोन घरांतल्या दोघींनी मिळून एक संसार चालवलाय.

तिची भाषा आपणही शिकून बघावी म्हणून मी इटालियन क्रियापदांची वही घातली. रोज सामायिक झाल्यावर अर्धा तास. बी.कॉम.ला खतावणी लिहिली होती, त्यामुळे रकाने आखायची सवय आहे. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सहा ओळी आणि वर काळाचं नाव. ‘जाणे’ म्हणजे आंदारे, पण रूपं बघा: वादो, वाइ, वा, आंद्यामो, आंदाते, वान्नो. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ सोडले तर मूळ शब्दाचा पत्ताच नाही. इथेही दोन धातूंचा एक संसार! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आणि जी क्रियापदं अशी वाकडी चालतात ती कुठली, तर असणे, जाणे, येणे, करणे, देणे, सांगणे. सगळी रोजची. चमच्या-पळीचा मार खाणाऱ्या रोजच्या पातेल्याला पोचे पडतातच, शोकेसमधलं गुळगुळीत राहतं. ही रूपं पाठच करावी लागतात. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा परकी भाषा शिकून बघावी.

एक गंमत सांगते. इटालियनमध्ये ‘जवळ असणे’ याला वेगळं क्रियापद आहे, आवेरे. ओ, आइ, आ, आब्यामो, आवेते, आन्नो. मराठीत ते नाहीच. ‘माझ्याकडे आहे’ म्हणून आपण भागवतो. परिग्रहाचं क्रियापदच नसलेली भाषा आपली! (कपाटं मात्र भरलेली, ते सोडा.)

खरी परीक्षा पुढे होती. काळ जमले, मग आले अर्थ. शाळेत बाईंनी शिकवलेले आठवतात का? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. जाते, जा, जावे, गेली असती तर. परीक्षेत दोन मार्कांना यायचे आणि मग आयुष्यात कधी नाहीत. इटालियनमध्येही मुख्य असे चारच: इंदिकातीवो, इंपेरातीवो, कोंज्युंतीवो, कोंदित्स्योनाले. अगदी एकास एक जुळत नाहीत, पण नातं कळतं. तिथे दुकानदार गिऱ्हाइकाला ‘दीका’ म्हणतो, म्हणजे ‘बोला’. ओळखीच्याला म्हणायच्या साध्या आज्ञेपेक्षा ते वेगळं रूप आहे, कोंज्युंतीवोतून उसनं घेतलेलं. आपणही पाहुण्यांना ‘ये’ म्हणत नाही, ‘यावं, बसावं’ म्हणतो. आज्ञा टाळून विध्यर्थात शिरतो. मान देण्याची जागा दोन्ही भाषांत क्रियापदाच्या शेपटाला आहे.

हे कळल्यावर मला आपल्याच पाठांची लाज वाटली. लग्न होऊन आल्यापासून मी दारात उभी राहून पडगाहन करते. ‘नमोऽस्तु’ म्हणते, ‘तिष्ठ तिष्ठ’ म्हणते. ‘अस्तु’ हे ‘अस्’चं रूप, ‘असो’. ‘तिष्ठ’ हे ‘स्था’चं, आणि तेही आंदारेसारखंच वाकडं, कारण ‘स्था’चं ‘तिष्ठ’ होईल असं कुणाच्या मनात येईल? पूजेत स्थापनेला हेच ‘तिष्ठ’ आणि सन्निधीकरणाला ‘भव’. दोन्ही आज्ञार्थ. इतकी वर्षं मी विनंत्या करत होते आणि मला ते ध्वनी वाटत होते.

मग प्रतिक्रमणाची पोथी काढली आणि क्रियापदांवर पेन्सिलने खुणा करत गेले. ‘खम्मामि’ म्हणजे मी क्षमा करते. वर्तमानकाळ, स्वार्थ, कर्ता मी. ‘खमंतु’ म्हणजे त्यांनी क्षमा करावी. कर्ते ते, आणि रूप आज्ञार्थाचं. आचार्यांनी दोन्हीकडे एकच रूप वापरलं नाही. माझ्याकडून क्षमा आत्ता, या क्षणी होते आहे. त्यांच्याकडून व्हावी एवढीच प्रार्थना मी करू शकते, ‘त्यांनी केली’ असं मी लिहू शकत नाही. ‘मिच्छा मे दुक्कडं’मधलं ‘मे’ पण बघा. दुष्कृत्य माझं. कुणाचं तरी झालेलं नव्हे.

आता आपण काय करतो ते सांगते. क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून फोनवर चित्रं येतात. कमळ, मोरपिच्छी, हात जोडलेले, आणि खाली ‘उत्तम क्षमा’. क्रियापद नाही. कोण करतंय, कोणाला, झाली की व्हायची आहे, काही कळत नाही. आणि जिथे क्रियापद असतं तिथे असतं ‘काही चुकलं असेल तर’. ‘चुकलं’ नपुंसकलिंगी, कर्ता गायब. ‘असेल’ संशयाचं. ‘तर’ने अट घातली. एका वाक्यात तीन पळवाटा! पोथीतल्या क्षमेत कुठेही ‘जर’ नाही, तो आपण घातला.

कुणी म्हणेल, भाव महत्त्वाचा, व्याकरण घेऊन काय करायचं? मला हे पटत नाही. भाव असतो तिथे क्रियापद आपोआप सरळ होतं आणि भाव कच्चा असतो तिथे ते वळणं घेतं. माझ्यावरूनच सांगते. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मी धाकट्या जावेला चारचौघांत म्हणाले होते, “तुझ्या हातून सेवा व्हायची नाही.” 8 वर्षं झाली. दर क्षमावाणीला तिला ‘काही चुकलं असेल तर क्षमा असावी’ असं पाठवायचे. तिचंही कमळ यायचं. जमाखर्च जुळल्यासारखा दिसायचा, पण आम्ही एकमेकींच्या घरी जात नव्हतो.

या वर्षी तिच्या घरी गेले आणि म्हटलं, “मी चुकले. तू मला क्षमा करावीस.” पहिलं वाक्य जिभेवर यायला वेळ लागला. मी कधी नाव न घेताही तिला कळलं की कशाबद्दल. वाक्य तिला शब्दान् शब्द आठवत होतं. “ताई, त्या आधी चार महिने मीच करत होते हो,” एवढंच बोलली. ‘केली क्षमा’ असं काही म्हणाली नाही. चहा टाकला. आम्ही दोघी प्यायलो. ‘खमंतु’ तिच्या हातातलं आहे, त्याची घाई मला करता येत नाही.

व्याकरण किती खोल जातं ते आपल्या शास्त्रात आधीच आहे. कृत, कारित, अनुमोदना. केलं, करवलं, करणाऱ्याला मान डोलावली. करणे आणि करवणे यांत मराठी भेद करते, इटालियनही करते. पण तिसरं, ‘वा, छान केलंस’ म्हणणं, तेही त्याच रकान्यात बसवणारे आपलेच आचार्य. तीन आरंभाचे प्रकार, तीन योग, ही तीन, आणि चार कषाय, गुणाकार करा, 108 येतात. माळ ओढताना आपण क्रियापदाचा तक्ताच ओढत असतो. जावेला मी बोलले तेव्हा चारचौघांत ज्या माना डोलावल्या त्यांचा हिशोबही यात आहे, पण तो त्यांचा त्यांनी बघावा.

आपल्या सोलापूरकरांना तर कारणच सांगता येणार नाही. याच गावातून जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत ग्रंथ काढले. ‘तिलोयपण्णत्ती’चे दोन भाग 1943 आणि 1951 साली आले, डॉ. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांचं संपादन. पंडिता सुमतीबाई शहांनी इथेच बायकांना शास्त्राभ्यासाला बसवलं. आणि तिकडे इटलीत लुइजी पिओ तेस्सितोरी नावाचा तरुण हिंदुस्थानात पाऊल टाकण्याआधी फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातल्या जैन हस्तलिखितांवरून जुन्या राजस्थानीचं व्याकरण लिहायला बसला होता. 1914 साली इकडे आला, 1919 साली बिकानेरला गेला, वय 31. जैन पोथ्यांतली क्रियापदं तो परदेशात बसून लावत होता आणि आपल्याला मंदिरात बसून ती कळू नयेत?

पाठशाळेत मुलांना पाठांतर घेतात ते चालूच राहू दे, त्यावाचून रूपं बसत नाहीत हे मी इटालियनवरून सांगू शकते. पण जोडीला फळ्यावर दर आठवड्याला एक क्रियापद लिहावं. खम्मामि, खमंतु. करेमि. वंदे. वोसरामि. कोण, कधी, कुठल्या अर्थाने. 10 मिनिटांचं काम आहे. आणि मोठ्या बायकांना कमीपणा वाटत असेल तर माझ्याकडे या. दर रविवारी दुपारी 4 वाजता, शंभर पानी वही आणि पट्टी घेऊन. रकाने मी आखून देते. शेंगाचटणी-भाकरी मिळेल, अर्थात लसूण नसलेली.

नातीने परवा माझा गृहपाठ तपासला. मी ‘फाच्चो’च्या जागी ‘फारो’ लिहिलं होतं. ते भविष्यकाळाचं निघालं. तिने विचारलं, “आज्जी, मग काय म्हणायचं?” मी म्हटलं, “ओ स्बाल्यातो.” मी चुकले. तिने लाल खडूने बरोबरची खूण केली.