सुट्टीतले श्रम

सिडनीच्या स्वस्त वसतिगृहात सहा-आठ जणांनी एका खोलीत राहावे, उपाहारगृहात बशा धुवाव्यात आणि उरल्या वेळात ऑपेरा हाऊस व बाँडायचा किनारा पाहावा, ही भटकंती कोणत्या तरुणाला मोह घालणार नाही? ऑस्ट्रेलियाने अशी योजना १९७५ मध्ये सुरू केली. २०२४ पासून भारतीय तरुणांनाही याच धर्तीचे व्हिसा सोडतीने मिळू लागले. जागा वर्षाला १,०००.

परंतु या सुट्टीचे अर्थशास्त्र तपासले पाहिजे. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असल्यास बहुतेकांना शहर सोडून तीन महिने ठरावीक काम, पुष्कळदा फळतोडणी, करावे लागते. पुढचा मुक्काम ज्याच्या पगारपत्रकावर अवलंबून, त्या मालकाशी मजुरीसाठी कोण भांडणार? मळ्यांतील उक्त्या कामाला किमान वेतनाची हमी मिळाली ती एप्रिल २०२२ मध्ये. तीही कामगार संघटनेने न्यायाधिकरणापुढे दाद मागितल्यानंतर.

तेव्हा सोडतीत नाव निघालेल्यांनी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीबरोबर किमान वेतनाचा दर आणि संघटनेचा पत्ताही जवळ ठेवावा. जग पाहण्याची हौस रास्तच आहे. तिची किंमत मजुरीतून कापली जाता कामा नये.