परतीचे दोर शाबूत असू द्या

पाऊस सरून कातळ वाळला की सह्याद्रीत आरोहणाचा हंगाम सुरू होतो आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अनेकांना खुणावू लागतो. हजार फुटांहून उंच, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला हा कडा एका दोरात संपत नाही. तो टप्प्याटप्प्यानेच चढावा लागतो. पुढचा आरोहक कातळाच्या फटींत नट, कॅम बसवून त्यांत दोर अडकवत जातो. मागचा ती साधने काढत वर येतो. कड्यावर काही मागे ठेवायचे नाही, ही या पद्धतीची शिस्त.

शिस्त चांगली, पण कातळाचेही ऐकावे लागते. आपला बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांचा. मध्येच ठिसूळ पट्टे, टप्प्यांवर गवत आणि घसारा. साधन पक्के बसेल अशा लांब, सलग फटी इथे कमीच. म्हणून मेखा आणि बोल्ट सोबत असण्यात कमीपणा नाही. फट भरवशाची नसताना केवळ तत्त्वासाठी पुढे सरकणे हा हट्ट झाला.

त्याहून अवघड गणित वेळेचे. डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. आठ टप्पे धरले आणि चढणे, अँकर बांधणे, साथीदाराला वर घेणे यांसाठी प्रत्येकी एक तास दिला, तर आठ तास तिथेच जातात. बेलपाड्याहून पायथा गाठायला तीन तास लागले तर दिवस संपला. चुकीला जागाच उरली नाही. शिवाय कडा पश्चिमाभिमुख, म्हणजे दुपारनंतरचे ऊन थेट अंगावर आणि पाणी पाठीवर असेल तेवढेच. आग्या मोहोळे कुठे आहेत, हेही आदल्या दिवशी दुर्बिणीने पाहून ठेवायला हवे.

आणि माघार? ६० मीटरचा दोर दुहेरी सोडला की ३० मीटरच पुरतो. आत वळलेल्या कड्यावर तर उतरणारा कातळापासून दूर हवेत लोंबकळतो. खालचा टप्पा हाताला लागत नाही. म्हणून कोणत्या टप्प्यापर्यंत उतरता येईल आणि कुठून पुढे फक्त वरच जाता येईल, हे पायथ्याशीच ठरले पाहिजे. त्या रेषेवर किती वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर परतायचे, हेही.

१६७० साली कोंढाण्यावर सूर्याजी मालुसऱ्यांनी परतीचे दोर कापल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते युद्ध होते. आरोहकाने नेमके उलट करायचे असते. अडकलेल्यांना सोडवायला येणारे बहुतेक जण गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक असतात, हातातली कामे टाकून येतात. त्यांना कड्यावर बोलावण्याआधी निदान एवढे करावे : मार्ग, माणसे आणि परतीची वेळ कागदावर लिहून एक प्रत घरी, एक पायथ्याच्या गावात ठेवावी. ज्यांना एवढेही जमत नाही, त्यांनी कड्याला हात लावू नये.