पावसातलं आंबट कुणाचं?

हरभऱ्याच्या पिकावर पहाटे पांढरं फडकं फिरवून दवासकट आंब गोळा करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. पोटदुखीवर ती जपून ठेवतात. ही आंब म्हणजे हरभऱ्याच्या लवेतून पाझरणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं. झाडझाडोरा आम्ल तयार करतो, हे त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको.

औंधपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर पश्चिमेला कोयनेचं जंगल आहे. जंगलातली झाडं हवेत सेंद्रिय वायू सोडतात, त्यातला मुख्य आयसोप्रीन. जगभरात तो वर्षाला सुमारे ५० कोटी टन निघतो. उन्हात त्याची मोडतोड होऊन फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लं बनतात. पहिलं मुंगीच्या दंशातलं, दुसरं व्हिनेगरमधलं. हवेतल्या फॉर्मिक आम्लापैकी जवळपास ९० टक्के वनस्पतींच्या खात्यावर जातं, असा उपग्रहांच्या नोंदींवरून २०१२ साली हिशेब निघाला. कारखान्यांपासून दूरच्या मुलखात पावसाची निम्म्याहून जास्त आम्लता याच आम्लांची असू शकते.

आम्लवर्षा म्हटलं की आपण फक्त धुराडी मोजतो. हे मला अपुरं वाटतं. जंगलाचा वाटा ठाऊक नसेल, तर धुराड्यांचा तरी नेमका कसा ठरवणार?

मोजणीत दोन अडचणी आहेत. बाटलीतल्या पावसाच्या पाण्यात जिवाणू असतात आणि ते ही आम्लं बघता बघता फस्त करतात. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पुरावाच नाहीसा. त्यावर उपाय साधा आहे, बाटलीत आधीच थायमॉल टाकायचं. थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल! दुसरी अडचण औंधच्या आसपासच्या, खटाव-माणच्या धुळीची. तिच्यातली चुनखडी आम्लाला मारते, म्हणून नुसता सामू पाहिला तर पाऊस निर्दोष दिसतो. आम्ल मात्र फॉर्मेट या क्षाराच्या रूपात पाण्यात असतंच. ते वेगळं मोजावं लागतं.

महाबळेश्वरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिकडे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, इकडे औंधला पाचशेच्या आसपास. वारा पावसाळ्यात तिकडून इकडे. घाटमाथ्यावर या प्रयोगशाळेपाशी एक आणि औंधच्या यमाईच्या डोंगरावर एक, असे दोन पाऊस-संग्राहक एकाच पद्धतीनं चालवावेत, अशी माझी मागणी आहे. आणि यमाईवरची बाटली जूनची वाट न पाहता वळवाच्या पहिल्या सरीआधी लावावी. हवेत सर्वांत जास्त धूळ तेव्हाच असते.